भालेरावबाईंचं झिलमिट

आमच्या कारखान्यात नवीन लागलेल्या माणसाला पहिल्या दिवशी कोणी काम देत नसे. भालेरावबाई त्याला आपल्या टेबलापाशी बोलावत, डोक्यापासून पायापर्यंत बघून घेत आणि सांगत, "स्टोअरात जा नि एक झिलमिट घेऊन ये. डावं आण, उजवं नको."

नवीन माणूस "हो" म्हणे आणि निघे.

झिलमिट नावाची वस्तू जगात कुठेही नाही. डावंही नाही आणि उजवंही नाही. तो शब्द बाईंनी स्वतःच्या डोक्यातून काढलेला होता. स्टोअरच्या देसलेमामांना हे माहीत होतं. ते चष्मा कपाळावर चढवून दोन-चार फळ्या चाचपडल्यासारखं करत आणि म्हणत, "आत्ता इथं होतं. मेंटेनन्सवाल्यांनी नेलं असंल, तिकडं बघ." मेंटेनन्सवाले त्याला बॉयलरकडे पाठवत आणि बॉयलरवाला गेटवर. गेटवरचा वॉचमन गंभीर चेहरा करून सांगे की एक होतं, पण ते उजवं होतं. एवढी पायपीट करून तो बिचारा परत आला की बाई मान वर न करता म्हणत, "नीट शोध." की पुन्हा फेरी सुरू.

या फेऱ्या संपायचा एकच मार्ग होता. बाईंसमोर उभं राहून सांगायचं, "बाई, झिलमिट म्हणजे काय ते मला नाय समजलं." हे ऐकलं की बाई स्वतः उठून आपल्या शेजारी स्टूल मांडत, थर्मासमधला चहा बशीत ओतून पुढे करत आणि म्हणत, "बस. आता तू कामाचा झालास."

कोणाला हे वाक्य सुचायला तासभर लागे, कोणाला जेवणाच्या सुट्टीपर्यंत. किन्हवलीकडचा एक मुलगा तर दुसऱ्या दिवशीही घरून येताना वाटेतल्या हार्डवेअरच्या दुकानात विचारून आला होता.

नव्वदीच्या सुरुवातीची ही गोष्ट. मुरबाडच्या एमआयडीसीत आमचा गोळ्या-औषधांचा कारखाना होता. मी पर्सोनेल खात्यात होतो, म्हणजे माणसं घेणं, त्यांच्या रजा मांडणं आणि ती सोडून गेली की पुन्हा नवीन घेणं हे माझं काम. त्यातलं शेवटचं काम सर्वांत जास्त. बाई पॅकिंग हॉलमध्ये होत्या. कंपनीची बस शहापुरातून निघे, मी तिथे चढे. शेणव्याला बाई चढत आणि माझ्या शेजारची खिडकीची जागा त्यांची असे. ती जागा दुसऱ्या कोणी घेतलेली मी पाहिली नाही. बाई उंचीने माझ्या खांद्याला लागत, पण बसमध्ये चढल्या की ड्रायव्हरसुद्धा विडी विझवी.

त्यांना जगातली एकच गोष्ट सहन होत नसे, ती म्हणजे मान हलवणं. कुणी बोलणं ऐकून नुसती मान हलवली की त्या म्हणत, "मान नको, तोंड हालव." हे त्या मुलींना म्हणत, फोरमनला म्हणत, एकदा तर फॅक्टरी बघायला आलेल्या सरकारी पाहुण्यांनाही म्हणाल्या. पाहुणे इतके दचकले की त्यांनी खरोखरच दोन प्रश्न विचारले.

आमच्या शहापूर-मुरबाडकडच्या माणसाचा 'हो' बाहेरच्याला कळायला कठीण आहे. 'हो' म्हणजे मी ऐकलं. 'हो' म्हणजे तुम्ही मोठे, तुमच्यापुढे काय बोलणार. 'हो' म्हणजे आता आवरा, माझी गाडी येईल. यातल्या कुठल्याच 'हो'चा अर्थ 'मला समजलं' असा नाही. मोठ्या माणसाला तेच पुन्हा सांगायला लावणं आमच्यात उद्धटपणाचं समजतात. घरात हे शोभतं. औषधाच्या कारखान्यात शोभत नाही.

हे बाईंना एका प्रसंगाने कळलं. एका नवीन मुलीला त्यांनी दोन प्रकारच्या खोक्यांमधला फरक समजावून सांगितला होता. मुलगी "हो" म्हणाली. मोठ्यांच्या गोळ्या लहान मुलांच्या खोक्यांत गेल्या आणि माल भिवंडीच्या गोदामापर्यंत पोचला. तिथे एका हमालाच्या हातून खोकं फुटलं म्हणून ते लक्षात आलं. सगळा माल परत आणला. दुसऱ्या दिवसापासून ती मुलगी कामावर आली नाही. बाई रविवारी तिच्या गावी गेल्या, तर ती माळ्यावर लपून बसली आणि आईने खालून सांगितलं, ती घरात नाय.

बाईंनी मला हे बसमध्ये सांगितलं होतं. "तिला समजलं नव्हतं. नि तिला समजलं नाय हे मला समजलं नव्हतं. मग यात तिची एकटीची चूक कशी?" या प्रश्नाचं उत्तर बाईंनी स्वतःपुरतं शोधलं, ते झिलमिट.

त्यातून कोणी सुटत नसे. मुंबईहून एक नवीन ऑफिसर आले होते, टाय लावलेले, नुकतीच पदवी घेतलेले. बाईंनी त्यांनाही सांगितलं. ते काही कारखानाभर फिरले नाहीत. शिकलेला माणूस फिरत नाही, कागद करतो. त्यांनी केबिनमध्ये बसून रीतसर मागणीपत्र भरलं: झिलमिट, डावं, नग दोन, तातडीचे. खरेदी खात्याने ते मंजूर करून व्यापाऱ्यांकडून भाव मागवले. आणि खोटं वाटेल, पण कल्याणच्या एका व्यापाऱ्याने भाव कळवला. माल इम्पोर्टेड असल्याने जरा वेळ लागेल, असंही लिहिलं. बाईंना हे कळलं तेव्हा त्या हसल्या नाहीत. "बघा," म्हणाल्या, "तिगं जनं शिकलेले, नि एकालाबी इचारायची हिंमत नाय." त्या ऑफिसरांना बोलावून त्यांनी स्टूल दिलं आणि बशीतला चहाही दिला. पुढे ते ऑफिसर आमच्याकडे सर्वांत जास्त प्रश्न विचारणारे म्हणून प्रसिद्ध झाले.

स्टुलावर बसलेलं माणूस महिनाभर तिथेच असे. बाई काम करत, ते बघे, मग ते करी आणि बाई बघत. एकच गोष्ट कितीदाही विचारली तरी बाई पहिल्यांदा सांगावी तशी सांगत. आणि स्वतःची चूक येऊन सांगितली की टेबलाच्या खणातल्या डब्यातला शेंगदाण्याचा लाडू मिळे. लाडवांसाठी पोरी मुद्दाम चुका करतात, असं फोरमन म्हणायचा. लाडू चांगले होत, त्यामुळे मला त्याचं म्हणणं अगदीच चूक वाटत नाही.

माझ्या बाजूने सांगायचं तर बाईंच्या हाताखालून गेलेली माणसं टिकू लागली. पूर्वी पहिला पगार झाला की मुली दिसेनाशा होत आणि मी पुन्हा गावोगाव निरोप धाडत असे. आता त्या आपल्या बहिणींना घेऊन येऊ लागल्या.

दोन हजार सालानंतर मुंबईच्या हेड ऑफिसला जाग आली. नोटीस बोर्डावर कागद लागला की यापुढे कंपनीत मेंटॉर योजना सुरू होत असून प्रत्येक नवीन कर्मचाऱ्याला एक अनुभवी मेंटॉर दिला जाईल. पहिलंच नाव भालेरावबाईंचं. हॉलमध्ये ही बातमी पोचेपर्यंत तिचं रूप बदललं. एक मुलगी धावत जाऊन म्हणाली, "बाई, कंपनीनं तुमाला मेंढर केलं म्हनं."

बाईंनी हातातलं काम पुरं केलं. मग म्हणाल्या, "मी कशी मेंढर? मी तर हाकनारी." तेव्हापासून सगळ्या कारखान्यात ती मेंढर योजनाच झाली. मुंबईहून शिकवायला आलेल्या मॅडमही परत जाताना चुकून तसंच म्हणून गेल्या.

या योजनेचा संस्थेला काय फायदा होतो यावर मी एक टिपण लिहावं, असा हुकूम आला. मी चांगली तीन पानं लिहिली. निष्ठा, कौशल्य, सातत्य असले शब्द घातले. खरं म्हणजे ते एका ओळीचं काम होतं. आमच्याकडे चूक लहान असतानाच कळते, कारण ती सांगायला कोणी घाबरत नाही. पण एका ओळीचं टिपण हेड ऑफिसला चालत नाही.

आणि याच सुमाराला, म्हणजे बाईंचं नाव बोर्डावर पहिलं लागलेलं असताना, त्यांच्यात काहीतरी बदल होऊ लागला होता. बसमध्ये मी काही सांगितलं की त्या म्हणत, "हो, हो." पाऊस लांबला म्हटलं तरी हो, ड्रायव्हरच्या मुलीचं लग्न ठरलं म्हटलं तरी हो. मला वाटलं, वय झालं, दमत असतील. हॉलमध्ये तसंही मशिनींच्या आवाजात सगळेच ओरडून आणि हातवारे करून बोलत. तिथे कोणाला काही वेगळं दिसलं नाही.

त्या वर्षी सिद्धगडाच्या पायथ्याच्या एका गावातून सुगंधा नावाची मुलगी आली. मुरबाडात मावशीकडे राहायची. घरात महिन्याचा पगार आणणारं ती पहिलंच माणूस होती. आवाज इतका बारीक की मुलाखतीत मीच तिला तीनदा "काय?" म्हणालो होतो. झिलमिट शोधायला मात्र ती गेलीच नाही. दारापर्यंत जाऊन परत फिरली आणि बाईंच्या तोंडासमोर येऊन म्हणाली, "बाई, ते काय असतं?" बाईंनी तिला चहा तर दिलाच, वर लाडूही दिला.

तिचा महिना संपत आला होता आणि कायम करण्याचा कागद माझ्या टेबलावर सहीला तयार होता. त्याच आठवड्यात प्रकार घडला. गोळ्यांच्या पट्टीवर मुदत संपण्याची तारीख छापतात. त्यातला वर्षाचा शेवटचा आकडा उमटत नव्हता. आकडा नसलेल्या पट्ट्या सकाळभर निघत राहिल्या, खोक्यांत भरल्या गेल्या. दुपारी तपासणीत ते सापडलं आणि सगळा माल जाळायला काढावा लागला. मशिनीवर सुगंधा होती.

मॅनेजर कर्णिक साहेबांनी चौकशी लावली. साहेब माणूस वाईट नव्हता, पण फार हळू बोलायचा. त्यांच्या केबिनमध्ये मी लिहायला बसलो होतो. समोर बाई आणि त्यांच्या मागे भिंतीला टेकून सुगंधा.

"भालेरावबाई," साहेब कागदात बघत म्हणाले, "सकाळी तुम्ही हॉलमध्येच होता?"

"हो," बाई म्हणाल्या.

"मशीन सुरू असताना आकडा उमटत नाही हे हिला दिसलं असणार."

"हो."

"आणि तरी हिने तुम्हाला येऊन सांगितलं नाही?"

"हो," बाई म्हणाल्या.

माझं पेन थांबलं. मी सुगंधाकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सकाळी ती बाईंकडे गेली होती, हे मला पॅकिंगच्या दोघीतिघींनी केबिनबाहेरच सांगितलं होतं. जाऊन काय बोलली ते मात्र कोणाला ऐकू गेलं नव्हतं. बाई खोटं बोलतील हे तर माझ्या मनातच येईना.

साहेबांनी मुलीला विचारलं, "तुला काही म्हणायचं आहे?"

सुगंधाने नाही म्हणून मान हलवली. ती काय म्हणणार होती? ज्यांनी आपल्याला स्टूल दिलं त्या बाई खोटं बोलतात, असं साहेबांसमोर सांगणं तिच्याच्याने होणारं नव्हतं. साहेबांनी कागद मिटला. त्या मिटलेल्या कागदाचा अर्थ मला कळला. तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगायचं काम माझ्याकडे येणार होतं. आणि तिच्यानंतर हॉलमधली कुठलीही मुलगी चूक सांगायला पुढे येणार नव्हती, हेही मला कळत होतं. मला तिथे फार वाईट वाटत होतं.

बाईंनी मागे वळून पाहिलं. त्यांना दिसली ती हलणारी मान.

"मान काय हालवतेस गो," त्या म्हणाल्या. "तोंड उघड. साहेब इचारतायत."

तेव्हा ती मुलगी रडायलाच लागली. रडत रडत काहीतरी बोलली. बाई म्हणाल्या, "काय?" ती पुन्हा बोलली. बाई उठून तिच्याजवळ गेल्या, आपला कान तिच्या तोंडाशी नेला. मग सुगंधा ओरडून म्हणाली, "मी तुमाला सांगितलं होतं बाई, आकडा नाय उमटत. तुमी हो म्हनलात. आता साहेबांना सांगता का मी सांगितलंच नाय."

बाई साहेबांकडे वळल्या.

"साहेब, ही सकाळी माझ्याकडं आलती. कायतरी बोलली, मी हो म्हनले. काय बोलली ते मला ठाऊक नाय. तुमी आता काय इचारलंत तेबी ठाऊक नाय. मला ऐकू येत नाय साहेब. लई दिस झाले."

साहेबांनी मिटलेला कागद उघडला, फाडला आणि सुगंधाला कामावर जायला सांगितलं. बाईंना त्यांनी नुसते हात जोडले.

पुढे काय झालं ते सांगून टाकतो. सुगंधा कायम झाली. बाईंना कल्याणच्या डॉक्टरांकडे नेलं, कानाला यंत्र आलं, ते त्यांना कधीच आवडलं नाही. त्यांना हॉलमधून काढून गेटजवळच्या शांत खोलीत बसवलं आणि नवीन माणूस आधी त्या खोलीत जाऊ लागला. निवृत्त होईपर्यंत बाई तिथेच होत्या. पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी संध्याकाळी बसमध्ये बसताना त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. आपल्याला आता घरी बसवणार, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

मुरबाड सुटलं. बाई खिडकीबाहेर बघत होत्या. आपलं बोलणं किती मोठ्याने होतंय याचा त्यांना अंदाज नव्हता, म्हणून असेल, त्या अगदी हळू बोलल्या. मला वाकून ऐकावं लागलं.

"आमचे हे गेले, तुमाला ठाऊक आहे. भातसानगरला धरणावर होते तवा रातीबी रेडिओ लावायचे. मग दोन्ही पोरी लग्न होऊन गेल्या. घरात बोलनारं कोन राह्यलं नाय. मला वाटायचं, घर गप झालं. असंच असतं, माणसं गेली का घर गप होतं. मग एकदा ओटीवर बसले होते, तर शेजारनीचा कुत्रा भुकताना दिसला. समोर उभा राहून भुकत होता, नि मला कायच ऐकू येत नव्हतं." त्या थांबल्या. "तवा कळलं, घर नाय, मीच."

बाईंना ऐकू जाईल असं काही बोलायचं तर सगळ्या बसला ऐकू गेलं असतं. आणि तेवढ्या मोठ्याने बसमध्ये बोलण्यासारखा तो विषय नव्हता.

"कुनाला सांगितलं नाय," त्या म्हणाल्या. "घरी बसवतील म्हनून. कामावर आले का पोरी तोंडापाशी येऊन बोलतात. ओठांवरून थोडं कळतं. नाय कळलं तरी कुनी बोलतंय ते बरं वाटतं."

शेणवा आलं. बाई उठल्या आणि त्यांच्यामागून मीही उठलो. इतकी वर्षं या थांब्यावर बस थांबताना बघितली होती, पण मी तिथे कधी उतरलो नव्हतो. ड्रायव्हरने आरशातून विचारलं, "साहेब, तुमी हितं?" मी म्हटलं, शहापूरला जीपने जाईन.

बाईंचं घर रस्त्यापासून जवळच होतं. स्वच्छ सारवलेली ओटी, आत भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली मुलींच्या लग्नातले फोटो. बाईंनी चहा ठेवला. मी ओटीवर त्यांच्या समोर बसलो आणि पोटातून आवाज काढून बोलायला लागलो. काय बोललो ते विचाराल तर महत्त्वाचं काहीच नाही. देसलेमामांचे गुडघे, शहापूरच्या बाजारातला नवीन मिठाईवाला, ड्रायव्हरच्या मुलीच्या लग्नातली जेवणाची भानगड. जे जे बसमध्ये सांगून झालं होतं आणि ज्याला बाई नुसत्या "हो, हो" म्हणाल्या होत्या, ते सगळं पहिल्यापासून सांगत सुटलो. बाई मध्ये मध्ये थांबवत होत्या. "थांबा, कुनाचं लगीन? परत सांगा." मी परत सांगे, आणखी मोठ्याने.

अंधार पडायला आला होता. शेजारची बाई हात पदराला पुसत घाईघाईने कुंपणाशी आली. माझ्याकडे संशयाने बघून तिने बाईंना काहीतरी विचारलं. बाईंना ते ऐकू गेलं नाही, पण तिच्या चेहऱ्यावरून कळलं.

"भांडन नाय गो," भालेरावबाई म्हणाल्या. "माझ्याशी बोलतायत."